उधारीचं वय

पुढच्या संवादात बोलणारे दोघे काका-पुतणी आहेत. काका निवृत्त शिक्षक, पुतणी एका कार्ड कंपनीच्या वसुली विभागात नोकरी करणारी. प्रश्न तिच्या सोळा वर्षांच्या लेकीचा आहे आणि तसा तो घरोघरीचा आहे: या वयात स्वतःचं क्रेडिट कार्ड असावं का? कार्डाच्या बाजूने म्हातारा माणूस बोलतो आणि विरोधात कार्डाच्याच धंद्यातली बाई, हे मला महत्त्वाचं वाटलं, म्हणून दोघांचं म्हणणं होता होईल तेवढं सलग मांडलं आहे. नावांची गरज नाही. एकाला आग्रही म्हणू, दुसरीला साशंक.

आग्रही: तुझ्या लेकीला तिच्या नावाचं कार्ड मिळायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन हजारांची मर्यादा, बिल तिच्या मोबाइलवर, भरायची तारीख तिने लक्षात ठेवायची. का म्हणतो ते ऐक. शाळेत माझ्याकडे बरीच वर्षं संचयिका होती. मधल्या सुट्टीत मुलंच बाक ओढून काउंटर मांडायची, मुलंच पासबुकात नोंद करायची, जमलेले पैसे आम्ही पोस्टात भरायचो. चार आणे, आठ आणे. त्या मुलांना बचतीची सवय लागली हे मी छातीठोकपणे सांगतो. पण पुढे त्यांच्यातल्या ज्यांची घडी विसकटली ती बचतीवाचून नाही विसकटली, कर्जापायी विसकटली. मोटरसायकलचा हप्ता, बहिणीच्या लग्नासाठी पतपेढीचं कर्ज, ते फेडायला आणखी कुठून तरी उचल. आम्ही त्यांना पैसे ठेवायला शिकवलं. उचलायला कुणीच शिकवलं नाही. जणू कर्ज ही वाईट घरातली गोष्ट आणि आपल्या मुलांचा तिच्याशी कधी संबंध येणारच नाही. आज तर ते आणखी खोटं आहे. तुझी लेक वडापावचे पैसेही कोड स्कॅन करून देते, मैत्रिणीकडून दोनशे घेते, परत करायचे विसरते. ती उधारीच्या जगात आलेलीच आहे. फक्त तिच्या उधारीला वही नाही.

साशंक: काका, मुळात आपल्या देशात हे होऊ शकत नाही, आणि का होऊ शकत नाही ते बघण्यासारखं आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ११ सांगतं की करार करणारा सज्ञान हवा. सज्ञान म्हणजे अठरा पूर्ण. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे मोहरीबीबीचा खटला आला. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष नावाच्या मुलाने अज्ञान असताना सावकाराकडे आपली मालमत्ता गहाण टाकली होती. वीस हजारांचं गहाणखत, १२ टक्के व्याज. मुलगा अज्ञान आहे हे सावकाराच्या माणसाला ठाऊक होतं. निकाल असा लागला की अज्ञानाने केलेला करार पहिल्यापासूनच शून्य. सावकाराला दिलेले पैसेसुद्धा परत मिळाले नाहीत. आजही कायदा तोच आहे. आता दुसरी बाजू बघा. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दहा वर्षांवरच्या मुलांना बँका स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू देऊ शकतात, वाटलं तर डेबिट कार्डही देऊ शकतात. अट एकच, खात्यात नेहमी शिल्लक हवी, ते उणे जाता कामा नये. म्हणजे दहाव्या वर्षी स्वतःचे पैसे हाताळायला हरकत नाही, पण दुसऱ्याचे पैसे वापरायला अठरा हवीत. मला ही रेघ शहाणपणाची वाटते. कर्ज शिकवायचं म्हणून ती पुसू नये.

आग्रही: रेघ शहाणपणाची आहे, पण तिच्या पलीकडे काय आहे? सतराव्या वर्षाच्या शेवटच्या रात्रीपर्यंत मूल उधारीला अपात्र, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण पात्र. मधे उमेदवारी नाहीच. गाडी चालवायला शिकाऊ परवाना असतो, मत द्यायच्या आधी नागरिकशास्त्र असतं, कर्ज घ्यायच्या आधी काही नाही. वाढदिवस झाला की मुदत ठेवीवरचं कार्ड निघतं, पहिल्या पगारापाठोपाठ ‘तुमच्यासाठी मंजूर’ असे मेसेज सुरू होतात, ‘आत्ता घ्या, नंतर द्या’चं बटण तर चपलांच्या खरेदीतही आहे. लातूर-परभणीहून पुण्याच्या हॉस्टेलवर आलेलं पोर पहिलं कर्ज कुणाकडून घेतं, तू सांग. बापाकडून नाही, मास्तरांकडून नाही. फोनमधल्या ॲपकडून. मला ती रात्र भीतीची वाटते, आणि म्हणून तिच्या आधी दोन वर्षं मला हवीत. घरातली माणसं शेजारी बसलेली असताना, रक्कम लहान असताना, चूक स्वस्त असताना.

साशंक: चूक स्वस्त कशी असते ते मी रोज बघते, म्हणून माझ्या टेबलावरून सांगते. धरा, एकाने २०,००० रुपयांचा फोन कार्डावर घेतला. बिल आलं. त्यात दोन आकडे असतात, पूर्ण रक्कम आणि किमान रक्कम, म्हणजे मिनिमम ड्यू. तो साधारण ५ टक्के धरा. मुलगा म्हणतो, हजारभर तर भरायचेत. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाचे ४२. पहिल्या महिन्याचं व्याज ७०० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १२६. तो १,०४१ रुपये भरतो आणि त्याच्या कर्जातून कमी होतात २१५. तो हे वर्षभर करतो. एकही हप्ता चुकवत नाही, नवीन काही घेत नाही, आमच्याकडे त्याचं खातं चांगलं म्हणून दिसतं. वर्षअखेर त्याने सुमारे ११,८०० रुपये भरलेले असतात आणि डोक्यावर अजून साडेसतरा हजार असतात. फोनची काच एव्हाना तडकलेली असते. आणि पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, दुधाच्या पिशवीला त्याच दिवसापासून व्याज लागतं, हे मी ज्यांना समजावून सांगते त्यांतल्या बहुतेकांना पहिल्यांदाच कळत असतं. मोठी माणसं असतात ती. नोकरदार. धर्मोदासच्या सावकाराने १२ टक्के लावले होते, काका.

आग्रही: तू माझीच बाजू मांडलीस. हे गणित शाळेतल्या चक्रवाढ व्याजाच्या धड्यात येत नाही. आम्ही शिकवायचो, मुद्दल अमुक, दर तमुक, तीन वर्षांनी रास काढा. पोरं रास काढायची आणि विसरायची, कारण ती रास कुणा दुसऱ्याची होती. दोन हजारांच्या कार्डावर तुझ्या लेकीने शंभर भरून एकोणीसशे पुढे ढकलले आणि पुढच्या बिलात व्याजापोटी सत्तर-ऐंशी रुपये वाढलेले तिला दिसले, तर तो धडा तिला जन्मभर पुरेल. तेवढ्यात सुटते ती. वीस हजारांचा फोन घेऊन शिकण्यापेक्षा ऐंशी रुपयांत शिकलेलं काय वाईट?

आणि उधारी मुलांना नवी आहे असंही समजू नकोस. मी नववीत असताना घरचा किराणा मीच आणायचो. दुकानात लाल कापडाने बांधलेली उभी वही असायची, वडिलांच्या नावाचं पान ठरलेलं. शेठ कानावरची पेन्सिल काढून लिहायचे: साखर, गोडेतेल, काडेपेटी. एकदा मी शाईची दौत आणि गोळ्या घेतल्या आणि लिहा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वडिलांच्या हिशेबाखाली रेघ मारून माझ्या नावाची वेगळी ओळ केली. त्या ओळीवर पावणेदोन रुपये साठल्यावर मी पतंगाचा मांजा मागितला. ते म्हणाले, आधीचं मिटव, मग ने. दिवाळीत मामाने दिलेल्या पैशांतून मी ते मिटवले. वडिलांना त्यांनी कधी सांगितलं नाही. मला तेव्हा कुणी कर्ज हा शब्दही शिकवला नव्हता, पण कर्ज काय असतं ते पुरतं कळलं.

साशंक: त्या गोष्टीत तुम्हाला कशाने शिकवलं ते बघा ना. शेठनी नाही म्हटलं. पावणेदोन रुपयांवर ते थांबले, कारण तुम्ही बुडवले असते तर नुकसान त्यांचं होतं, आणि नाही म्हणायला त्यांना तुमचा चेहरा दिसत होता. कार्डाचा धंदा याच्या नेमका उलटा चालतो. जो दर महिन्याला पूर्ण बिल भरतो त्याच्यापासून व्याजाचं उत्पन्न शून्य. जो किमान रक्कम भरत राहतो, बुडवत नाही आणि फेडतही नाही, त्याच्यावर धंदा उभा असतो. मांजा मागितला तर तिथे कुणी नाही म्हणत नाही. उलट मर्यादा वाढवून घ्या म्हणून मेसेज येतो. हां, रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत. न मागता कार्ड द्यायचं नाही, ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवायची नाही. चांगले नियम आहेत. पण सोळा वर्षांच्या पोरीची संमती मिळवायला किती वेळ लागतो? अमेरिकेत कॉलेजांच्या आवारात टेबलं मांडून, टी-शर्ट वाटून मुलांकडून कार्डाचे अर्ज भरून घ्यायचे. शेवटी २००९ साली त्यांना कायदा करावा लागला, एकविसाच्या आतल्याला स्वतःची कमाई दाखवल्याशिवाय किंवा जबाबदार जामीनदार आणल्याशिवाय कार्ड नाही. जो देश कार्डावर चालतो म्हणतात त्याने वयाची रेघ वर सरकवली. आणि तुम्ही ती खाली आणायला सांगताय.

आग्रही: त्याच अमेरिकेत आईबापांच्या खात्यावर मुलांना कार्ड मिळतं, अगदी शाळकरी मुलांना. आपल्याकडेही काही बँका अठराच्या आतल्यांना ॲड-ऑन कार्ड देतात. मग कायदा न मोडता सोय झाली की. कार्ड तिच्या हातात, करार तुझा.

साशंक: तेच तर मला सगळ्यात वाईट वाटतं. ॲड-ऑन कार्डाची देणी मूळ कार्डधारकाची. सिबिलचा स्कोअर पडला तर माझा पडणार, फोन आला तर मला येणार. मग तिच्या हातात काय राहिलं? फक्त खर्च. उधारीचा गोड भाग तिचा आणि कडू भाग माझा. एकदा एका गृहस्थांना मी फोन केला. सकाळची वेळ, आम्हाला आठ ते सातमध्येच फोन करता येतो. थकबाकी सांगितली. ते म्हणाले, हे खर्च माझे नाहीत. मी नोंदी वाचून दाखवल्या. एकाच तारखेला लागोपाठ ७९ रुपये, १५९ रुपये, पुन्हा १५९, मग ३९९, सगळी एका मोबाइल गेममधली खरेदी. ते गप्प झाले. मग फोन कानापासून लांब धरून त्यांनी कुणाला तरी हाक मारली. ती हाक मला ऐकू आली. त्या घरात त्यानंतर काय झालं ते मला माहीत नाही, पण त्या मुलाला त्या दिवशी कर्ज शिकायला मिळालं असं मला वाटत नाही. त्याला बापाची भीती शिकायला मिळाली, एवढंच. पैशांवर खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली, पण खेळाच्या आतली ही तलवारी-कपड्यांची दुकानं उघडीच आहेत, आणि ती मुलांसाठीच आहेत. त्यापेक्षा यूपीआय सर्कल बरं. माझ्याच खात्यातून ती पैसे देते, हवं तर प्रत्येक वेळी माझी मंजुरी, नाहीतर महिन्याला १५,००० पर्यंतची मोकळीक, एका वेळी ५,००० पर्यंत. आहे तेवढेच जातात. उणे काही जात नाही.

आग्रही: प्रत्येक वेळी तुझी मंजुरी. हे वाक्य तू सहज बोललीस, पण तुझ्या लेकीच्या जागी बसून ऐक. मेडिकलच्या दुकानात उभं राहून तिला काय घ्यायचंय ते तिने आधी तुझ्या स्क्रीनवर मागायचं. तू आई आहेस, तुझ्याशी तिचं बोलणं आहे. पण ज्या घरात फोन बापाचा किंवा मोठ्या भावाचा असतो, तिथे काय? पॅड, डॉक्टरची फी, मैत्रिणीला भेटायला जायचं रिक्षाभाडं, एखादं पुस्तक. मी चाळीसेक वर्षं पोरी शिकवल्या. पैसा हातात नसलेल्या हुशार मुलीचं काय होतं ते मी बघितलंय. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण द्यावं लागतं, आणि कारण देऊन देऊन ती एक दिवस मागणंच सोडते. स्वतःच्या नावाचं बिल म्हणजे काही अंशी स्वतःचं आयुष्य. तू माझ्यापुढे व्याजाचा दर ठेवतेस, तो बरोबरच आहे. मी तुझ्यापुढे हे ठेवतोय.

साशंक: हे मी नाकारत नाही. पण काका, त्या मुलीला हवाय तो पैसा. दर महिन्याला ठरलेली रक्कम, तिच्या खात्यात, तिच्या डेबिट कार्डावर, ज्याचा हिशेब कुणी मागणार नाही. ते दहाव्या वर्षापासून शक्य आहे आणि मी लेकीला ते केलंय. तिचं स्टेटमेंट मी उघडत नाही. स्वातंत्र्यासाठी कर्ज लागतं, हे कुठून आलं? कार्डाच्या जाहिरातीत ते असतं, मान्य. आपल्या बोलण्यात यायला नको.

आग्रही: पटलं. स्वातंत्र्याचा मुद्दा मी कर्जाच्या गाडीला जोडला, तो सोडवून घेतो. मग कर्जाबद्दलच बोलतो. गावाकडचं पंधरा वर्षांचं पोर घे. घरात किसान क्रेडिट कार्ड आहे, १९९८ पासूनची योजना. त्याला माहीत असतं की सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. पंजाबराव देशमुखांच्या नावाने सवलत आहे. त्याला हेही माहीत असतं की बाप मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे आणतो, सोसायटीत भरतो आणि नवं कर्ज उचलून ते परत करतो. नवं-जुनं करतो. त्या पोराला फिरवाफिरवी म्हणजे काय, तारीख म्हणजे काय, सचिवाकडे दोनदा का जावं लागतं, सगळं तोंडपाठ. शहरातल्या मुलाच्या घरी फ्लॅटचं चाळीस लाखांचं कर्ज असतं आणि त्याला हप्ता किती तेही माहीत नसतं. आपण ते झाकून ठेवतो. पैशाचं बोलणं मुलं झोपल्यावर. मला त्या गावाकडच्या पोराची शिकवण शहरातल्या मुलांना द्यायची आहे.

साशंक: आणि त्या शिकवणीने त्या घराचं काय झालं? तुम्ही जिथे बोट ठेवलंत तिथेच माझं दुखणं आहे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याइतकं कर्ज कुणाला कळतं? दर कळतो, तारीख कळते, तारण कळतं. कळण्याने पाऊस पडला नाही आणि भाव मिळाला नाही. माझ्या टेबलावरही तेच. आमच्यात थकलेल्या खात्यांना बकेट म्हणतात. तीस दिवसांपर्यंतची एक, साठपर्यंतची दुसरी, नव्वदच्या पुढे गेलं की बुडीताच्या वाटेवर. पहिल्या बकेटमध्ये विसरभोळे असतात, हौशी असतात, त्यांना शिकवणीचा उपयोग होईल. पुढच्या बकेटमध्ये जा. तिथे नोकरी गेलेला माणूस असतो, नवऱ्याच्या डायलिसिससाठी कार्ड घासलेली बाई असते. त्यांना चक्रवाढ माझ्याइतकीच समजते. शिस्तीचे धडे दिले की कर्ज बाधत नाही, असं मुलांना सांगितलं, तर उद्या त्यांच्यावर वेळ आल्यावर ती स्वतःलाच दोष देतील. आपण नालायक, आपल्याला पैसा सांभाळता आला नाही. फोनवर माणसं हेच बोलतात. रडत बोलतात. मला तुमच्या कार्डापेक्षा या समजुतीची जास्त भीती वाटते.

आग्रही: मग तेही शिकवू. सुप्याचा बाजार, १२ मे १८७५. मी इतिहासात दर वर्षी शिकवायचो: शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रं जाळली, दख्खनचे दंगे, दोन गुण. कुठला कागद, त्यावर काय लिहिलेलं, व्याज मुद्दलाला कसं गिळतं, हे आम्ही वर्गात कधी उलगडलं नाही. चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि कोर्टांना कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा हिशेब तपासायची मुभा दिली. आणि त्याच्याही आधीपासून आपल्याकडे दामदुप्पट होती. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागायचं नाही. कर्जाला वरून छत हवं हे या मातीतल्या लोकांनी फार आधी ओळखलं होतं. कर्जदाराचा शहाणपणा आणि सावकारावरची मर्यादा, दोन्ही एकाच धड्यात यायला हवं.

साशंक: छताचंच बोलायचं तर ते आता कुठे आहे तेही धड्यात घाला. बँकिंग नियमन कायद्यात १९८४ मध्ये कलम २१ए आलं. बँकेचं व्याज जास्त आहे एवढ्या कारणावरून कोर्टाला तो व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांच्या वरचं कार्डाचं व्याज अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे १८७९ साली सुप्याच्या कुणब्याला हिशेब उघडून मागता येत होता, तो तुमच्या नातीला मागता येणार नाही. अशा बाजारात तिला दोन वर्षं आधी पाठवायचं, शिकायला म्हणून?

आग्रही: त्या बाजारात नाही. मी आता माझी मागणी बदलून मांडतो. अज्ञानाचा करार शून्य, हे कलम तू अडथळा म्हणून सांगितलंस. मला ते दार दिसतंय. सोळा ते अठरा या वयासाठी असं कार्ड असू दे की ज्याचं देणं कायद्याने वसूल करता येणार नाही. मर्यादा हजार-दोन हजार. मूल बुडवेल तर नुकसान देणाऱ्याचं, आईबापाचं नाही. देणाऱ्याचे डोळे आपोआप उघडतील. तो शेठसारखा बघून देईल, आधीचं मिटव म्हणेल. आणि मूल जेव्हा फेडेल तेव्हा ते धाकाने फेडणार नाही. दिलेल्या शब्दासाठी फेडेल.

साशंक: कुठली बँक देईल असं कार्ड? जाहिरात म्हणून देईल, आजचं गिऱ्हाईक उद्यासाठी बांधून ठेवायला. म्हणजे पुन्हा टी-शर्ट. आणि तुम्ही शेठचे पैसे शब्दासाठी फेडलेत का, खरं सांगा. शेठ तुमच्या वडिलांना सांगू शकत होते.

आग्रही: ते सांगतील असं मला वाटलं नव्हतं. मी फेडले कारण शाळेला जाताना रोज त्या दुकानावरून जावं लागायचं. मांजा नाकारल्यावर मी काही दिवस मागच्या बोळातून गेलो. नंतर ते जमेना.

साशंक: हेच मी शोधत होते. कार्ड कंपनीला रस्ता नाही, काका. मी ज्यांना फोन करते ते मला ओळखत नाहीत, मी त्यांना ओळखत नाही. त्यांच्याकडे माझा नंबर ब्लॉक करण्याचं बटण आहे आणि माझ्याकडे पुढच्या बकेटचं. जिथे देणारा आणि घेणारा एकमेकांना रोज दिसतात ती उधारी तुमच्या मनात आहे, आणि ती आता फक्त घरात उरली आहे. मग सावकार मी व्हायचं. ठीक आहे, देते मी लेकीला हजार रुपये उधार, वहीत लिहून. पण मला तुम्ही सांगा, तारीख चुकली तर मी काय करू? मी दिवसभर त्याच आवाजात बोलून घरी येते. तो आवाज मी तिच्याशी काढणार नाही. आणि काढला नाही तर तिला कळेल की आईचं बुडवलं तरी चालतं.

आग्रही: शेठनी आवाज काढला नव्हता.

साशंक: शेठ तुमची आई नव्हते. त्यांना दुकानाचं दार संध्याकाळी बंद करता येत होतं.

आग्रही: मग व्याज लाव. पाच रुपये, दहा रुपये. नातं वेगळं राहील, हिशेब वेगळा राहील. मुद्दलाच्या वर जाऊ नको म्हणजे झालं.

साशंक: लेकीकडून व्याज घ्यायचं? माझं मन होत नाही. आणि बिनव्याजी दिलं तर जे शिकवायचं तेच वगळल्यासारखं होतं, हेही कळतंय मला. एकच ठरवलंय. आपल्या फ्लॅटच्या कर्जाचं स्टेटमेंट या रविवारी तिच्यापुढे ठेवणार आहे, किती घेतलं, किती भरलं, किती उरलंय. वहीचं तिच्याशीच बोलते. व्याज लावायचं की नाही, हे तिलाच विचारते.

आग्रही: आणि ती म्हणाली, आई, वही नको, मला कार्डच हवंय, तर?

साशंक: तर तुम्ही या रविवारी.